इतिहास-संशोधनासाठी शिष्यवृत्ती आणि आपल्या समाजाचे कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ‘उच्च शिक्षण आणि आपला समाज’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभे आयुष्य कापडाच्या दुकानात गेले. विद्वत्तेचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु पैसा कोठून येतो, कोठे अडतो आणि कोणत्या वेळी दिलेला थोडा पैसाही मोठे काम करून जातो, एवढे व्यापाराने शिकविले. त्या मर्यादेत राहून मी एकाच गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. आपला समाज डॉक्टर, अभियंता आणि सनदी लेखापाल होणाऱ्या मुलांच्या पाठीशी उभा राहतो. लातूर पॅटर्नचा लौकिक साऱ्या महाराष्ट्रात पसरला आणि त्याचा लाभ आपल्या मुलांनीही घेतला, याचा सर्वांना रास्त अभिमान आहे. परंतु इतिहास, प्राकृत, मराठी किंवा तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करणारा आणि पुढे संशोधन करू पाहणारा विद्यार्थी मदत मागावयास येतो, तेव्हा आपल्या अर्जातील शाखांच्या यादीत त्याचे नावच नसते.

ही उणीव किरकोळ नाही, कारण ज्या भूमीवर आपण राहतो तिचा इतिहास आपल्याशी निगडित आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत आणि ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे अनेक विद्वान मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार हे राष्ट्रकूटकाळातील नामांकित नगर. याच घराण्यातील अमोघवर्षाच्या काळात आचार्य जिनसेनांनी ‘जयधवला’ टीका इ. स. ८३७ मध्ये पूर्ण केली आणि महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. आपल्या पूर्वेस, आजच्या तेलंगणातील वेमुलवाडच्या चालुक्यांच्या राज्यात सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ पूर्ण केले. पुढच्या काळात लातूर हे बलात्कार गणाच्या भट्टारक-परंपरेच्या एका शाखेचे पीठ झाले. जिंतूरजवळचा नेमगिरी, धाराशिवची लेणी आणि कुंथलगिरी ही क्षेत्रे आपण वंदनेसाठी वर्षानुवर्षे पाहतो. तेथील मूर्तीच्या पीठावर काय लिहिले आहे, असे नातवाने विचारले तर मात्र आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल?

हे वाचणारी माणसे आकाशातून पडत नाहीत. नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने १९६८ मध्ये रित्ती आणि शेळके या दोन अभ्यासकांनी संपादित केलेला नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील कित्येक लेख कन्नड भाषेतील आहेत. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने असे काम अंगावर घेतले, म्हणून आपल्या शेताबांधावरच्या दगडांना वाचा फुटली.

अशा कामासाठी व्यापाऱ्याने पैसा द्यावा, ही कल्पनाही नवी नाही. आपल्याला जवळचे उदाहरण सोलापूरचे आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपल्या न्यायोपार्जित संपत्तीचा विनियोग कसा करावा, याचा १९४० च्या सुमारास विचार सुरू केला. त्यांनी आधी देशभर फिरून विद्वानांची मते गोळा केली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ सिद्धक्षेत्री विद्वानांना एकत्र बोलावून त्यांनी जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना केली आणि ३०,००० रुपयांचे दान जाहीर केले. १९४४ मध्ये सुमारे २,००,००० रुपयांची आपली सर्व संपत्ती त्यांनी संघास अर्पण केली. दोशी या आडनावाचे मूळ प्राकृत ‘दोसिय’ म्हणजे वस्त्राचा व्यापारी या शब्दात सांगितले जाते. म्हणून मी त्यांना आमच्या धंद्याचे पूर्वज समजतो.

या दानातून जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन हे दोन थोर पंडित तिचे संपादक होते. १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग निघाला. १९४९ मध्ये आसामचे विद्वान कृष्णकांत हंडिकी यांचा ‘यशस्तिलक’वरील ग्रंथ, १९५७ मध्ये पां. भी. देसाई यांचा दक्षिणेतील जैन धर्म व शिलालेखांवरील ग्रंथ आणि १९५८ मध्ये विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ प्रसिद्ध झाला. लातूर शाखेच्या भट्टारकांची सुसंगत माहिती ज्याला हवी असेल त्याला आजही जोहरापूरकरांचा ग्रंथ उघडावा लागतो. हंडिकी व देसाई हे जन्माने जैन नव्हते, हेही लक्षात घ्यावे. दात्याने माणसाची जात न पाहता कामाचा कस पाहिला.

अमरावतीची कथाही अशीच. विदिशेचे श्रीमंत सेठ लक्ष्मीचंद्र यांच्या दानातून जैन साहित्योद्धारक फंड निघाला आणि ‘धवला’ टीकेसह ‘षट्खंडागमा’चा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात राहिलेला ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला. पुण्यात श्री. नवलमल फिरोदिया यांनी प्राकृत महाकोशाच्या प्रकल्पास आधार दिला आणि डॉ. अमृत माधव घाटगे यांच्यासारख्या जाणत्या विद्वानाच्या मार्गदर्शनाखाली तो भांडारकर संस्थेत आकारास आला. पुणे विद्यापीठात शेठ हिराचंद नेमचंद जैन अध्यासन आहे. आपल्या शास्त्रात आहार, औषध, अभय आणि ज्ञान असे चतुर्विध दान सांगितले आहे. चालुक्यकाळातील दानचिंतामणी अत्तिमब्बेने ‘शांतिपुराणा’च्या १,००० प्रती लिहवून वाटल्या, असे परंपरा सांगते. हस्तलिखितांच्या काळात ज्ञानदान म्हणजे प्रती लिहवून देणे. आज त्याचा अर्थ अभ्यासकाला वेळ मिळवून देणे असा आहे.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळतो. ‘या शाखेला पैसाच नाही’ असे आपण सर्रास म्हणतो. ते पूर्ण खरे नाही. पैसा आहे, पण त्याच्या वाटा ठाऊक असाव्या लागतात. पालकांनी पुढील बाबी टिपून घ्याव्यात, अशी विनंती करतो.

एम. ए.च्या पहिल्या वर्षी नियमित प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची पदव्युत्तर शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. दरमहा १५,००० रुपये, वर्षातील १० महिने, अशी ती दोन वर्षे मिळते. निवड पदवीच्या गुणांवर होते आणि अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावयाचा असतो. दूरशिक्षणाने एम. ए. करणाऱ्यास ती मिळत नाही; म्हणून प्रवेश घेतानाच हा विचार करावा.

संशोधनासाठी सर्वांत भरीव आधार म्हणजे ‘नेट’ परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती. जानेवारी २०२३ पासून तिचा दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये आहे. घरभाडे आणि किरकोळ खर्चाची रक्कम वेगळी. तिच्यासाठी वयाची मर्यादा ३० वर्षे आहे व स्त्रियांना ५ वर्षांची सवलत आहे. इतिहास आणि मराठी यांबरोबर प्राकृत, पुरातत्त्व, तसेच बौद्ध-जैन-गांधी व शांतता अभ्यास हेही या परीक्षेचे स्वतंत्र विषय आहेत. जैन पाठशाळेत ज्यांचा प्राकृताचा पाया झाला आहे अशा मुलांनी या विषयांकडे अवश्य पाहावे. पुणे विद्यापीठामार्फत होणारी ‘सेट’ परीक्षा मराठी माध्यमातून देता येते. ती अध्यापनाची पात्रता देते, अधिछात्रवृत्ती देत नाही. या दोहोंतील फरक न कळल्याने काहींची वर्षे वाया जातात.

‘नेट’मधून अधिछात्रवृत्ती न मिळाल्यास मार्ग संपत नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेली भारतीय इतिहास अनुसंधान परिषद पीएच. डी.साठी नोंदणी झालेल्यांना अधिछात्रवृत्ती देते. साधने पाहण्यासाठी अभ्यास-प्रवास अनुदान आणि प्रबंध छापण्यासाठी प्रकाशन साहाय्यही तिच्याकडून मिळते. समाजशास्त्रांसाठी १९६९ पासून कार्यरत असलेली भारतीय सामाजिक विज्ञान अनुसंधान परिषद आणि तत्त्वज्ञानासाठी भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषद आहे. केंद्रीय विद्यापीठात पीएच. डी.ला प्रवेश मिळाल्यास ‘नेट’ नसतानाही दरमहा ८,००० रुपयांची योजना आहे. राज्य विद्यापीठांत ती नाही. हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. एकुलत्या एक कन्येसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची अधिछात्रवृत्ती आहे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या अधिछात्रवृत्तीत कनिष्ठ गटास दरमहा १०,००० व ज्येष्ठ गटास २०,००० रुपये, अशी दोन वर्षे मदत असते. परदेशी जाणाऱ्यांसाठी जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली जे. एन. टाटा देणगीनिधीची कर्ज-शिष्यवृत्ती मानव्यविद्यांनाही खुली आहे.

एक दार मात्र बंद झाले आहे, तेही सांगितले पाहिजे. २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यावर मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आपल्या मुलांनाही उपलब्ध झाली होती. ही योजना २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी थांबविण्यात आली. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गांतील संशोधकांना साहाय्य करतात. ज्या जैन कुटुंबांच्या जुन्या कागदांत कासार, शिंपी अशा नोंदी आहेत, त्यांनी इतर मागास प्रवर्गाचा दाखला आणि उत्पन्नाची अट तपासून महाज्योतीचा मार्ग चाचपावा. अल्पसंख्याकांसाठी तशीच स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली आहे. तिच्या जाहिरातींवरही आपण लक्ष ठेवावे.

इतक्या योजना असताना समाजाने काय करावयाचे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर मला एका विद्यार्थिनीमुळे मिळाले. आपल्याच समाजातील ही मुलगी इतिहासात प्रथम श्रेणीत एम. ए. झाली आहे. निजामी राजवटीतील नांदेड-लातूरच्या कापड बाजारावर तिला संशोधन करावयाचे आहे. आमच्या वडिलांच्या वेळच्या चोपड्या पाहावयास ती दुकानी आली. हाली शिक्क्याचे हिशेब तिला उलगडत नव्हते. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे वडिलांकडून ऐकलेले गणित मी तिला सांगितले आणि दोन तासांत तिने एका पानाचा ताळमेळ लावून दाखविला. मग मी माझ्या सवयीप्रमाणे तिच्या संशोधनाचा खर्च मांडावयास बसलो.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे त्या काळाचे दफ्तर मोठ्या प्रमाणात हैदराबादच्या तारनाका येथील अभिलेखागारात आहे आणि ते फारसी व उर्दूत आहे. काही कागद छत्रपती संभाजीनगर, पुणे व मुंबई येथे पाहावे लागतात. म्हणजे प्रवास आला, मुक्काम आला, छायाप्रतींचा खर्च आला. उर्दू आणि मोडी शिकणे आले. मारवाडी व्यापाऱ्यांच्या वह्यांतील महाजनी अक्षर वाचणे आले. आणि ही सारी तयारी पीएच. डी.च्या नोंदणीपूर्वी करावी लागते, कारण विषयाचा आराखडा सादर करताना साधने कोठे आहेत हे दाखवावे लागते. बहुतेक अधिछात्रवृत्त्या नोंदणीनंतर किंवा परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळतात. एम. ए.चा निकाल आणि पहिली अधिछात्रवृत्ती यांच्यामधले वर्ष-दीड वर्ष कोणाच्याच खात्यावर नसते. आपली मुले तेथे गळतात. या मुलीला घरच्यांनी एका वर्षाची मुदत दिली आहे आणि ती येत्या जूनमध्ये संपते.

दुसरी अडचण उधारीची. अधिछात्रवृत्ती मंजूर झाली म्हणजे दुसऱ्या महिन्यात पैसे आले, असे घडतेच असे नाही. कागदपत्रे, मार्गदर्शकांची सही, विद्यापीठाची शिफारस असे करता करता हप्ता लांबतो. सधन घरचा विद्यार्थी थांबू शकतो. खोलीचे भाडे थकलेला विद्यार्थी थांबू शकत नाही. सुताची किंमत आज द्यावी लागते आणि कापडाचे पैसे दिवाळीनंतर येतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना खेळत्या भांडवलाचे महत्त्व मी काय सांगावे!

म्हणून सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे मी चार सूचना विनम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना अशी की, महोत्सवी निधीतून ३० लाख रुपये ‘मानव्यविद्या संशोधन निधी’ म्हणून वेगळे ठेवावेत आणि मुद्दलास हात लावू नये. सात टक्के व्याज धरले तर वर्षाचे २,१०,००० रुपये होतात. त्यातून एका विद्यार्थ्यास तयारीच्या वर्षासाठी दरमहा १२,००० प्रमाणे १,४४,००० रुपये द्यावेत. आणखी दोघांना अभिलेखागारांच्या प्रवासासाठी प्रत्येकी २५,००० रुपये द्यावेत. उरलेले १६,००० रुपये छायाप्रती, परीक्षा शुल्क व टपाल यांसाठी ठेवावेत. व्याजाचा दर उतरला तर प्रवासाचे एक अनुदान कमी करावे, पण तयारीचे वर्ष तोडू नये.

दुसरी सूचना उधारीविषयी. ज्याच्या हाती शासकीय अधिछात्रवृत्तीचे मंजुरीपत्र आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत बिनव्याजी आगाऊ रक्कम द्यावी. पहिला हप्ता जमा होताच ती परत घ्यावी. या व्यवहारात ट्रस्टचा पैसा खर्च होत नाही, तो फिरतो.

तिसरी सूचना निवडीची. निवड समितीत विश्वस्त दोनच असावेत आणि विषयाचे जाणकार प्राध्यापक तीन असावेत. १९९४ पासून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे व लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. जाणकारांचा तुटवडा नाही. अर्जदाराने पाच पानांचा आराखडा द्यावा, त्यात कोणती साधने कोठे पाहणार ते लिहावे आणि वर्षाअखेर केलेल्या कामाचे समाजापुढे व्याख्यान द्यावे. विषय जैन इतिहासाचाच असावा अशी अट घालू नये. जीवराजभाईंनी विद्वानांना मोकळीक दिली, म्हणून त्यांचा पैसा टिकाऊ कामी लागला.

चौथ्या सूचनेस पैसा जवळजवळ लागत नाही. आपल्या मंदिरांतील हस्तलिखिते, मूर्तिलेख आणि घराघरांतील जुन्या चोपड्या यांची एक यादी करावी. घर पाडताना किंवा दिवाळीची साफसफाई करताना जुन्या वह्या रद्दीत जातात. नांदेडची उस्मानशाही मिल कधीच बंद पडली. तिच्या कापडाचा व्यवहार ज्या पेढ्यांच्या वह्यांत आहे त्या वह्याही गेल्या, तर या बाजाराचा इतिहास कोणत्याही शिष्यवृत्तीने परत येणार नाही. वह्या कोणाला देऊन टाकाव्यात असे मी म्हणत नाही. घरीच ठेवाव्यात, फक्त त्यांची छायाचित्रे घेऊ द्यावीत आणि अभ्यासकास पाहू द्याव्यात.

‘इतिहास शिकून मुलगा पोट कसे भरील?’ हा प्रश्न माताभगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला प्राध्यापकाची जागा मिळेल, असे आश्वासन मी देणार नाही. जागा थोड्या आहेत आणि भरती सावकाश होते. अभिलेखागारे, संग्रहालये, कोशकार्य, प्रकाशन आणि स्पर्धा परीक्षा हे मार्ग आहेत, पण त्यांवरही गर्दी आहे. म्हणूनच या वाटेने जाणारे थोडे असतील आणि तसेच असावे. आपल्या दोन जिल्ह्यांतून वर्षाला एक जरी सच्चा अभ्यासक निघाला तरी पुढच्या दहा वर्षांत दहा प्रबंध होतील. त्या दहांतील दोन-तीन जरी जोहरापूरकरांच्या ग्रंथासारखे पन्नास वर्षे उपयोगी पडले, तरी या निधीचे सार्थक झाले.

अध्यक्ष महोदय, विश्वस्त मंडळाची पुढील बैठक महावीर जयंतीपूर्वी होणार आहे. या सूचनांवर त्या बैठकीत निर्णय व्हावा, अशी माझी आग्रहाची प्रार्थना आहे, कारण जून फार दूर नाही. निधीत पहिली भर म्हणून माझ्या कुटुंबातर्फे १,०१,००० रुपये मी याच व्यासपीठावर अर्पण करतो. व्यापारी बांधवांनी आपापल्या शक्तीप्रमाणे त्यात भर घालावी. ज्यांना पैसा देणे शक्य नाही त्यांनी घरची एक जुनी चोपडी जपून ठेवली, तरी तेही ज्ञानदानच होय.



जय जिनेंद्र.